लोटा मावेल अशी गाडी

पांढरा रंग. शक्यतो पांढराच.

सूर्य मावळायला आलेला, हायवेच्या कडेला एकामागोमाग थांबलेल्या गाड्या, आणि बॉनेटवर उघडलेले जेवणाचे डबे.

शोरूममध्ये एका बाईने नव्या गाडीच्या सीटला नाक लावून वास घेतला आणि सेल्समनला विचारलं, "जनावर हाय की रबर?"

पाण्याला टेकेपर्यंत सरळ राहणारा आणि टेकल्यावर पालथा होणारा तांब्याचा लोटा.

"मोटर बंद करू व्हय, पावणं?"

डिकीची कड गुडघ्याच्या वर नको. पाण्याची घागर उचलून ठेवताना बाईची पाठ भरून येते.

नव्याकोऱ्या गाडीची डावीकडची दोन्ही चाकं उसाच्या पाटात. पुढच्या काचेखाली झेंडूचा हार, अजून टवटवीत.

ह्यातलं पहिलं, दुसरं, तिसरं आणि सहावं अभिनंदन मगदूमला तोंडपाठ होतं. तो त्याचा धंदाच होता. बाकीचं त्याला एका रविवारी सकाळी कळलं.

*

न्यूट्रल

मंगळवार पेठेत त्याचं दुकान. सीट कव्हर, पायपुसणी, हॉर्न, काचेला लावायच्या काळ्या जाळ्या. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला येणाऱ्या जवळपास प्रत्येक घराची गाडी कधी ना कधी त्याच्या दुकानासमोर दारं उघडून उभी राहिलेली. त्यामुळे त्याला माणसं चेहऱ्यावरून आठवायच्या आधी गाडीवरून आठवत.

मास्तर आणि बँकेतली मंडळी वॅगन-आर घेत. उंच छप्पर, म्हातारी माणसं न वाकता आत बसतात. एकत्र कुटुंबं अर्टिगा घेत. आईवडील, दोन्ही भाऊ, सुना, पोरं, आणि मागच्या सीटवर मधोमध पूजेची पेटी, तिला पट्टा लावून. फौंड्रीवाले इनोव्हावर जात. त्यांची पोरं क्रेटावर, आणि छताला खिडकी हवीच म्हणून अडून बसत. छताच्या खिडकीचा उपयोग काय, हे अभिनंदन दर वेळी विचारी. कुणीच नीट उत्तर देत नसे.

रंग मात्र सगळ्यांचा पांढरा. का, तर पांढरा.

ही माणसं गाडी घेताना पोरीला स्थळ बघावं तशी बघत. चार वेळा जाऊन येत, नातेवाइकांना नेत, मग घरी बसून नावं ठेवत. आणि सगळं जुळलं, की शेवटी चामड्यावर अडत.

"चामडं न्हाय हो काका, नुसतं तसं दिसतंय," सेल्समन काकुळतीला येई.

"दिसतंय तर मग बसू कशाला त्याच्यावर?" काका म्हणत.

मग गाडी घेत आणि थेट अभिनंदनकडे आणत. तो त्या गुळगुळीत सीटवर सुती कव्हर चढवी. स्टिअरिंगवर खरंच चामडं असलं तर ते उसवून काढी आणि जाड कापड शिवून देई. शहरातले बाकीचे दुकानदार साध्या सीटवर चामडं चढवून देत. अभिनंदनचा निम्मा धंदा त्याच्या उलट होता. त्याला ह्या लोकांची मनातून मौज वाटे. आणि मौजेच्या खाली, तो कधी बोलून दाखवत नसे, पण अभिमान. घासाघीस करून करून टॉप मॉडेल घ्यायचं, आणि त्यातली मिरवायची गोष्ट आपल्या हाताने झाकून टाकायची, हे सगळ्यांना जमणारं नव्हे.

सगळ्यात ताजी गाडी बस्तीचे अध्यक्ष बाहुबली अण्णा यांची. शनिवारी सकाळी ताब्यात मिळाली आणि दुपारी दुकानासमोर आली. भली थोरली, खोलीएवढी.

"अण्णा, कव्हर कधी घालायचं?"

"थांब की जरा. प्लास्टिक काढू नको. आणि त्या पोराला सांग, बॉनेटला हात लावू नको म्हणावं. बोटं उमटत्यात."

"अण्णा, रस्त्यावर गाडी आणली की धूळ बसणारच."

"बसंल तवा बसंल. आज न्हाई."

*

पहिला

अभिनंदनची स्वतःची गाडी अण्णांच्या गाडीपेक्षा महिनाभर जुनी, आणि ती त्याने स्वतःसाठी घेतलेलीच नव्हती. ती आईसाठी होती. म्हणजे आईच्या चौक्यासाठी.

दिगंबर मुनी पायी चालतात. गाडीत बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, दिवसातून एकदा उभ्याने जेवतात, ओंजळीत. ते ज्या गावाला मुक्काम करणार, तिथे श्रावक आधी जाऊन स्वयंपाकाची जागा सारवून-धुऊन तयार करतात. हा चौका. पाणी विहिरीचं, काढून लगेच गाळलेलं. पीठ घरी दळलेलं. बायका अंघोळ करून, कुणाचा स्पर्श न झालेली लुगडी नेसून स्वयंपाक करतात आणि वेळ झाली की दारात उभ्या राहतात.

महाराज सकाळी मनात एक नेम धरतात. तो कुणालाच माहीत नसतो. दारात अमुक दिसेल, तिथेच जेवायचं. कधी जोडपं, कधी नारळ, कधी आणखी काही. तसं दिसलं तर महाराज थांबतात. न दिसलं तर त्या दिवशी उपास. आणि थांबले तरी आपणहून आत येत नाहीत. घरच्या माणसाने हाक मारावी लागते: नमोस्तु, नमोस्तु, थांबा, आहार-जल शुद्ध है. एवढं म्हटलं की मग येतात.

राजमतीने, अभिनंदनच्या आईने, ही हाक अख्खं आयुष्यभर मारली. तिच्याकडे महाराज एकदाही आले नाहीत. शेजारच्या दारात गेले, समोरच्या दारात गेले; एकदा तर तिच्या उंबऱ्याशी येऊन वळले. वाट बघून बघून तिने त्यावर स्वतःच एक विनोद करून ठेवला होता.

"माझ्या भाकरीची कीर्ती लांब गेलीया. महाराज आधीच सावध असत्यात."

लोक हसत. अभिनंदनला मात्र ते ऐकवत नसे.

आणि ह्या वेळी येणारे महाराज साधे नव्हते. राजमती परकरात होती तेव्हा त्यांनी तिच्या माहेरी चातुर्मास केला होता. रात्री न जेवण्याचं व्रत तिने त्यांच्याच पुढ्यात घेतलं, ते आजतागायत मोडलं नव्हतं. आता महाराज पंच्याऐंशीच्या घरात. कोल्हापूरहून मुरगूडच्या बाजूने निघून सीमेपलीकडे जाणार आणि तिथल्या क्षेत्रावर कायमचे राहणार, चालणं बंद, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. रविवारी वाटेतल्या एका वाडीत आहार. राजमतीच्या दारावरून त्यांची ही शेवटची वाट.

म्हणून गाडी. आधीची व्हॅन चांगली होती, पण बसायला फळकुट. अभिनंदनने नवी गाडी आईच्या अंगाने निवडली. डिकीची कड बुटकी. मागची सीट सपाट पडते, परात आडवी न करता बसते. कापडी सीट. आणि पुढे दोन सीटच्या मध्ये, कप ठेवायला खोल गोल खळगा, आतून रबराचे दात. तो त्याला भारी आवडला होता.

"आई, ह्यात भरलेली बाटली ठेवली आणि गाडी खड्ड्यातनं नेली तरी हलत न्हाई बघ."

राजमतीने खळग्यात बोट फिरवून बघितलं. "व्हॅनमधी कुठं ठेवत होतो आपण?"

"व्हॅनमधी जागाच नव्हती."

"मग कुठं ठेवत होतो?"

"तू पायात धरून बसायचीस."

"व्हय की," ती म्हणाली आणि तो विषय तिथेच राहिला.

*

दुसरा, चढावर

रविवारी पहाटे मायलेक आणि सून वाडीच्या अलीकडच्या एका मळ्यात पाण्याला थांबले. चौके लागणार होते त्या वाडीच्या शाळेत नळ होता, पण नळाचं पाणी चौक्याला चालत नाही. शिवाररस्त्याला लागून तात्यांची विहीर. तात्या म्हणजे मळ्याचे मालक, डोक्याला मफलर, हातात दातवण.

"काढा की पाणी. विहीर काय मी घरात न्हेऊन ठेवलीया?" ते म्हणाले.

राजमतीने घागरी काढल्या, जाड दुहेरी कापडातून गाळल्या. गाळून झाल्यावर कापड उलटं करून, गाळलेल्याच पाण्याने लोट्यात निचरून घेतलं. ह्या निचऱ्याला जीवाणी म्हणतात. कापडावर अडकलेले जीव, डोळ्यांना न दिसणारे, त्या पाण्यात असतात. ते ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, आपटून मरतील. त्यासाठी लोट्याच्या बुडाला कडी असते. दोरी अशी बांधायची की लोटा सरळ खाली जातो, पाण्याला टेकला की दोरी सैल सोडायची, मग ओढली की तो हळूच पालथा होतो. राजमतीने हे आयुष्यभर रोज केलेलं.

पण नेमकी तात्यांची मोटर चालू होती. विहिरीचं पाणी खळबळत पाइपकडे ओढलं जात होतं.

"आत्ता सोडलं तर पंपात जातील सगळी," राजमती म्हणाली.

"मोटर बंद करू व्हय, पावणं?" तात्यांनी अभिनंदनला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खोपीकडे चालू लागले.

तेवढ्यात मळ्यातलं कुत्रं घागरींपाशी घुटमळायला लागलं. स्नेहलने घागरी गाडीत चढवल्या. स्नेहल म्हणजे अभिनंदनची बायको, इचलकरंजीची, कामाला वाघ. अभिनंदनने आईच्या हातातला लोटा घेतला आणि पुढच्या खळग्यात ठेवला. टक्क बसला. जणू त्यासाठीच केलेला. आणि तेवढ्यातच बाहुबली अण्णांचा फोन. महाराज निघाले, चाल जोरात आहे, चौके लावून घ्या, कुणी मागे राहू नका.

सगळे गडबडीने गाडीत बसले. अभिनंदनने गाडी वळवली. आरशात त्याला दिसलं, तात्या खोपीच्या दारातून हात हलवतायत. त्याला वाटलं, निरोप देतायत.

*

न्यूट्रल, पुन्हा

शाळेच्या खोल्यांतून ओळीने चौके लागले. भाकरीचा, तुपाचा, उकळल्या दुधाचा वास वऱ्हांड्यात भरून राहिला. राजमतीची खोली जिन्याकडून तिसरी. दारात तिने रांगोळी घातली, पाट मांडला, हातात कळस घेतला. मग कळस खाली ठेवला.

"स्नेहल, कडीचा लोटा कुठं हाय?"

स्नेहलने भांड्यांकडे बघितलं. मग दारातून, पलीकडे उभ्या नवऱ्याकडे.

अभिनंदनला खळगा आठवला. तो धावत गाडीकडे गेला. लोटा होता. जसा ठेवला तसा, सरळ, काठाखाली बोटभर पाणी. त्याने खळग्याच्या तळाशी बोट घालून बघितलं. कोरडा. थेंबही सांडला नव्हता.

तो लोटा घेऊन आला तेव्हा राजमती उंबऱ्याच्या आत उभी होती.

"ठेव गाडीत परत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि जा."

"आई, आता महाराज येतील. मी आहार झाल्यावर—"

"तेवढा वेळ ती त्या लोट्यात काय करतील?"

"मग तू हाक मार. मी तोपर्यंत जाऊन येतो. झालंच म्हण."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आहार-जल शुद्ध है म्हणावं लागतं, अभ्या. जल शुद्ध झालंय व्हय अजून?"

तो लोटा घेऊन वळला.

"सावकाश जा. सांडलास तर काय उपेग?"

*

दुसरा

अभिनंदनला गाडी पळवता येत होती. पोरांना तो दुकानात तासतासभर सांगे, कुठली गाडी किती झटक्यात वेग घेते. आणि आता तो दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या बरोबरीने चालला होता. ऊसवाहू ट्रॅक्टरनी शिवाररस्ता नांगरून ठेवलेला. प्रत्येक चरावर तो श्वास धरी आणि डाव्या हाताने लोट्याचा काठ दाबून धरी. मागे शाळेत महाराज कुठवर आले असतील ह्याचा विचार करायचा नाही, असं तो स्वतःला बजावी आणि लगेच तोच विचार करी.

वळणावर समोर पांढरं काहीतरी आलं.

बाहुबली अण्णांची गाडी. काचेखाली हार. तिच्या मागे इनोव्हा, तिच्या मागे अर्टिगा, मग क्रेटा, मग वॅगन-आर, त्यामागे आणखी. आहार बघायला निघालेली अख्खी बस्ती, एकामागे एक, पांढरीशुभ्र. रस्ता एकाच गाडीपुरता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि उसाच्या कडेने नुकतंच पाणी पाजलेला पाट.

हॉर्न वाजायला लागले.

"अरे मागं घे की!" अण्णांनी काच खाली केली. "मागनं सगळी गर्दी हाय. आणि तू कुठं निघालास? महाराज शाळेत पोचले असतील."

अभिनंदनने तोंडाने काही सांगायच्या आधी लोटा उचलून खिडकीतून दाखवला.

"अण्णा, जीवाणी हाय. तात्यांच्या विहिरीतली. ऱ्हायली."

अण्णांनी लोट्याकडे बघितलं. मग आपल्या बॉनेटकडे, ज्याला काल कुणाला हात लावू दिला नव्हता. मग पाटाकडे. आणि "णमो अरिहंताणं" म्हणत त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. भली थोरली गाडी एका बाजूला कलली, आवाज करत चिखलात उतरली आणि थांबली. ऊस काचेला घासला. हार लोंबकळला.

"जा! वाट बघतोस काय!"

पण मागे इनोव्हा होती. अण्णांनी उतरून, पाय घोट्यापर्यंत चिखलात, दोन्ही हात तोंडाशी धरून बोंब ठोकली, "जीवाणी हाय! मागं घ्या! जीवाणी!"

इनोव्हातल्या फौंड्रीवाल्यांनी मागच्याला सांगितलं. अर्टिगातल्या सुनेने त्याच्या मागच्याला. शब्द गाडीगणिक मागे सरकत गेला, आणि मग अभिनंदनने आपल्या धंद्याच्या अख्ख्या काळात न ऐकलेला आवाज ऐकला. सगळ्या गाड्यांचे मागे जातानाचे भोंगे एकदम. पीप पीप पीप. उसातले बगळे उडाले.

इनोव्हा मागे गेली आणि एका बांधावर चढली. अर्टिगाचं मागचं चाक पाटात गेलं. आतली सात माणसं उतरली आणि गाडी ढकलून आणखी आत घातली, बाहेर नव्हे. क्रेटातला फौंड्रीवाल्यांचा विजयसिंह छताच्या खिडकीतून कमरेपर्यंत वर आला आणि पोलिसासारखे हात करायला लागला. "काका, डावीकडं! जरा! जरा! बास! मास्तर, तुम्ही सोडा हो ब्रेक!"

वॅगन-आरवाले मास्तर. त्यांना गाडी मागे घेता येत नाही, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. दुकानात आले तरी ते जायची वेळ झाली की किल्ली अभिनंदनच्या हातात देत. मास्तरांनी आता खिडकीतून मान काढली, "मला जमणार न्हाई रे!" म्हणाले, आणि न जमणारी गाडी डोळे मिटावेत तशी मागे नेऊन सरळ उसात घातली. ऊस कडकडला. गाडी दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, "गेली का बाजूला?"

"गेली मास्तर!" विजयसिंह ओरडला. "पार गेली!"

अभिनंदन त्यांच्यामधून निघाला. दुसऱ्या गिअरमध्ये. दोन्ही बाजूंना ओळखीच्या गाड्या, कशाही कललेल्या, आणि दारांशी उभी असलेली माणसं. ज्यांनी रंगावरून महिना महिना घोळ घातला होता, सीटच्या शिवणीवरून त्याच्याशी भांडले होते, ती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. लोटा जवळून गेला की बायका हात जोडत होत्या. त्याला एकदम वाटलं, आपण इतकी वर्षं ह्यांच्या गाड्या ओळखत होतो. मग रस्ता भरल्या डोळ्यांनी धूसर दिसायला लागला, आणि पुढे चर होता, म्हणून त्याने डोळे पुसले.

*

हँडब्रेक

तात्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते.

"मी हात करत हुतो न्हवं! मोटर बंद केलती, आनि तुम्ही पळालासा. मग परत चालू केली."

"लोटा ऱ्हायला, तात्या. ह्यातली जीवाणी सोडायची हाय. किडं."

तात्यांनी लोट्यात डोकावलं. "कुठं हायत?"

"दिसत न्हाईत."

"दिसत न्हाईत, आनि परत आलासा?"

"व्हय."

"लाईट आता थोड्या वेळानं जातीया. माझं चार सरीचं पाणी ऱ्हायलंय," तात्या म्हणाले. म्हणता म्हणता उठले आणि खोपीत जाऊन मोटर बंद केली. परत येऊन म्हणाले, "लगेच सोडू नका. पानी निवू द्या. घुसळलंय."

दोघे कठड्याला टेकून पाणी शांत व्हायची वाट बघत राहिले. तात्यांनी दोरी धरायला मदत केली. अभिनंदनने आजवर हे फक्त बघितलं होतं, केलं नव्हतं. लोटा सरळ उतरत गेला. पाण्याला टेकला. त्याने दोरी सैल सोडली, मग ओढली. लोटा पालथा झाला आणि एक मोठा बुडबुडा वर आला.

"गेली घरला," तात्या म्हणाले.

परत येताना रस्ता मोकळा होता. गाड्या अजून उसात, माणसं पायी शाळेकडे निघून गेलेली.

*

राजमती दारात पाटाशेजारी बसली होती. शेवटच्या खोलीतून जयजयकार ऐकू येत होता. तिथे आहार नुकताच संपला होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मोटर?"

"बंद करूनच. तात्यांनी पाणी निवूपर्यंत थांबायला लावलं."

"शहाणा मानूस. पालथा झाला न्हवं नीट?"

"झाला." मग त्याने विचारलं, "महाराज?"

"पुढं गेले."

स्नेहल काहीतरी बोलायला तोंड उघडणार होती. सासूला ती आत्ती म्हणे. "आत्ती, पण सांगा की त्यांना—"

"स्नेहल, तांब्या भर. लोक आल्यात चिखलातनं, पाय धुवू देत."

खरोखरच आले होते. अण्णा पुढे, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, त्यांच्या मागे फौंड्रीवाले, विजयसिंह, अंगावर उसाची पाती चिकटलेले मास्तर. महाराजांसाठी रांधलेलं सगळं तसंच होतं. राजमतीने वऱ्हांड्यात पंगत बसवली आणि स्वतः वाढायला लागली. भाकरी, तूप, लापशी.

"काकू," मास्तर म्हणाले, "तुमच्या भाकरीबद्दल उगीच बोलता हो. छान हाय की."

"आज ऊस मोडून आलासा, म्हणून ग्वाड लागतीया," राजमती म्हणाली.

गाडीत बसल्यावर अभिनंदन म्हणाला, "माझ्यामुळं झालं. त्या खळग्यात ठेवला नसता तर तुझ्या पायातच असता."

"गाडीला नावं ठेवू नको. तिनं सांभाळलं की. थेंब सांडला न्हाई." थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "चांगली हाय गाडी."

*

रिव्हर्स

अण्णांची गाडी संध्याकाळी तात्यांच्या ट्रॅक्टरने बाहेर ओढली. पुढचा गार्ड फुटला होता. अण्णांनी त्यावर महिनाभर कुरकुर केली, आणि ती करताना गोष्ट प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितली, ज्यांनी ती डोळ्यांनी बघितली होती त्यांनासुद्धा. तात्यांच्या मोडलेल्या उसाचं काय, म्हणून सगळे मिळून त्यांच्याकडे गेले. तात्यांनी चहा पाजला आणि उलट विचारलं, "पुन्हा कवा येनार, पावणं? त्या पोराला छतातनं वर काढा. माझ्या नातवाला बघायचं हाय."

मास्तर किल्ली अभिनंदनच्या हातात देईनासे झाले. आता ते स्वतःच गाडी मागे घेत आणि समोरच्या पानपट्टीवाल्याची बाकडी पाडत.

पाडव्याच्या आधी एका शोरूममधून अभिनंदनला फोन आला. सेल्समन रडकुंडीला आलेला.

"मगदूमसाहेब, तुमच्या बस्तीची मंडळी टेस्ट ड्राइव्हला लोटा घेऊन येतात हो. भरून! खळग्यात ठेवतात आणि म्हणतात, खड्ड्यातनं ने. एक काकू तर म्हणाल्या, मायलेज नंतर सांग, आधी हे सांडतंय का बघू."

"सांडलं?"

"पहिल्या मॉडेलमध्ये सांडलं. त्यांनी दुसरं घेतलं."

"रंग?"

"पांढरा. आणि काय."

अभिनंदन फोन ठेवून मोठ्याने हसला. समोर विजयसिंहची क्रेटा दारं उघडून उभी होती, सीटवरचं गुळगुळीत आवरण सुती कापडाखाली निम्मं झाकलेलं. विजयसिंह म्हणाला, "काय दादा, छताच्या खिडकीचा उपेग काय, विचारत होतास न्हवं?"

"आता न्हाई विचारत."

राजमतीने नव्या गाडीतल्या खळग्यात चष्मा ठेवायला सुरुवात केली. विहिरीवर गेली की लोटा पहिल्यासारखा पायात धरून बसते, जीवाणी सोडेपर्यंत गाडी चालू करू देत नाही. सीमेपलीकडच्या क्षेत्रावर महाराजांच्या दर्शनाला ती एकदा जाऊन आली. अभिनंदनने नेलं. महाराजांनी तिला ओळखलं, हात वर केला. ती फार बोलली नाही. येताना दिवस बुडायच्या आत मायलेकांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि बॉनेटवर डबा उघडला.

त्या रविवारी, अण्णांची गाडी पाटात उतरण्याच्या थोडं आधी, महाराज राजमतीच्या दारासमोर येऊन थांबले होते. तिने हात जोडले, आणि हाक मारली नाही.